वस्तीबाहेरून गेलेली गाडी

"इथं गाडी डावीकडे वळायची," म्हाताऱ्याने काठीने दाखवलं.

वळायची ती उजवीकडे.

सर्वेअरने वाकून गवत बाजूला सारलं. रुळाखालचा एक कुजका लाकडी स्लीपर मातीत अर्धा रुतलेला होता. त्याने टेप लावून लांबी पाहिली, मान डोलावली आणि शेजारी लाल झेंडी रोवली. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. तो स्लीपर त्यानेच मागच्या आठवड्यात पाठीवरून वाहून आणून तिथे पुरला होता. पाठीने अजून माफ केलं नव्हतं.

या डोंगरावरच्या नॅरोगेज गाडीचा तो शेवटचा ड्रायव्हर. खाण बंद पडली, रूळ भंगारात गेले, कंपनीचे नकाशे कचेरीच्या आगीत जळाले. गाडी कुठून जायची ते छातीठोकपणे सांगणारा आता तो एकटाच उरला होता. म्हणून तर सर्वेअर सकाळपासून 'काका, काका' करत त्याच्या मागे चालत होता.

वस्तीत नोटीस लागली होती. जुन्या रुळांच्या जागेवर जी घरं उभी आहेत, ती रिकामी करावी लागतील. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. पर्यटकांसाठी छोटी गाडी सुरू होणार, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच खरं धरून सगळे चालले. सर्वेअरला विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "वरून आलंय काका. मी आपला मोजणारा माणूस."

आणि रूळ गेले होते ते नेमके म्हाताऱ्याच्या मुलीच्या घराखालून. जावयाने ते घर स्वतःच्या हाताने बांधलं आणि त्यात जेमतेम दोन वर्षं राहून तो गेला. आता तिथे मुलगी लोकांचे कपडे शिवायची, नात खेळायची आणि म्हातारा दोघींवर उगाच ओरडत बसायचा. याहून जास्त त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

घर जुनं झालं होतं, हे खरं. दार अडतं म्हणून यंदा त्याने दोनदा रंधा मारला, तरी ते अडायचंच. शिवणयंत्राखाली पाचर ठोकावी लागली होती. दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं की सरळ कोपरा गाठायचं आणि नात टाळ्या पिटत त्याच्या मागे. "घर माझ्यासारखंच वाकलंय," म्हातारा म्हणायचा. "वाकलं म्हणून काय कुणी टाकून देतं?"

मुलगी मात्र निघायला तयार होती. सकाळीच तिने ट्रंक भरली होती.

"बाबा, नणंदेने खाली एक खोली देऊ केलीय. सरकारशी कशाला वाकड्यात शिरायचं?"

"मी फोन करेपर्यंत जागची हलू नकोस," तो म्हणाला होता.

पुढच्या चढावर सर्वेअर थबकला. "काका, एवढा चढ? गाडी चढायची?"

चोराच्या मनात चांदणं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. "वर जाताना डबे रिकामे असायचे ना! आणि मागून दुसरं इंजिन ढकलायला."

सर्वेअरने चढ पुन्हा एकदा न्याहाळला. रुळाचा एक गंजका खिळा त्याच्या बुटाला लागला. तोही म्हाताऱ्यानेच टाकलेला. सर्वेअरने तो उचलून पाहिला आणि खिशात घातला.

"रूळ खाणीच्या बोगद्याच्या डोक्यावरूनच टाकायचे म्हणतात. खरं का?"

"अगदी खरं. बोगदा पुढे सरकला की वर रूळ पुढे सरकायचे. खालून माल ओढला की थेट डब्यात. आमच्या खाणीची रीतच ती." दिवसभरात एवढंच खरं बोलायला मिळालं, म्हणून तो जरा खुलून बोलला.

शेवटची झेंडी पडक्या गोदामापाशी लागली. वस्ती कितीतरी मागे राहिली होती. सर्वेअरने वायरलेस काढला. "रेषा वस्तीबाहेरून जाते. एकही घर येत नाही. हो, खात्रीने. ड्रायव्हरकाका सोबत आहेत. करा सुरू."

कागदपत्रं सुरू करा म्हणत असेल, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवलं आणि जरा बाजूला जाऊन मुलीला फोन लावला.

"उपस ती ट्रंक. घर आपलंच राहिलं."

पलीकडे ती हसली की रडली, त्याला कळलं नाही. "खरंच बाबा? मग नणंदेला नको म्हणून कळवते. पोर आत्ताच झोपलीय. तुम्ही जेवायला या."

उतरून दोघं जुन्या स्टेशनाजवळच्या टपरीवर टेकले. सर्वेअरने स्वतः उठून चहा आणून दिला. इतक्या सरळ माणसाला फसवल्याचं म्हाताऱ्याला आता वाईट वाटू लागलं होतं.

"काका, फार मोठं काम केलंत," सर्वेअर म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही. लोक घाबरतील म्हणून गप्प राहायला सांगितलं होतं. गाडीबिडी काही नाही. तो जुना बोगदा पाण्याने भरलाय. फुटला तर खालचं सगळं खोरं वाहून जाईल, म्हणून उपसायचा. पण आतून इतका पोखरलाय, की त्या पाण्यानेच छत तोलून धरलंय. पाणी गेलं की वरची जमीन बसणार. रुळांच्या रेषेवर घरं असती तर आधी माणसं हलवावी लागली असती. तुमच्यामुळे तो घोळ वाचला."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला.

"पंप... पंप कधी लावणार, साहेब?"

"ते तर केव्हाच लागले, काका. तुम्ही मुलीला फोन करत होतात ना, तेव्हाच."