अबोल्यातले थेंब

काल पाहुण्यांसमोर नवरा हसत म्हणाला, "हिचा आमवात कामाच्या वेळीच बरोबर उसळतो!" तेव्हापासून मी अबोला धरला. पण या मेल्या दुखण्याने सांध्यांबरोबर डोळ्यांतलं पाणीही आटवलंय. दुपारपर्यंत पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं झालं आणि सुजलेल्या बोटांनी औषधाची बाटली काही दाबवेना. शेवटी ती त्याच्यापुढे आदळली.

"डोळ्यांत थेंब घाल. तोंड उघडू नकोस."

त्याने घातले. धसमुसळाच तो, निम्मे गालांवर ओघळले.

सासूबाईंनी दारातून पाहिलं. "रडलीस ना नवऱ्यापुढे? बरं झालं. आता सोड राग."

"आई, मला रडता आलं असतं ना, तर आज तुमच्या लेकाचं तोंडही पाहिलं नसतं."