धरायला हँडल

मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात दुकानदार माझ्या बायकोला सोडून सगळं मलाच दाखवत होता. शेवटी मी पुटपुटलो, "गाडी ही चालवते. मी मागे बसतो."

चार दिवस कोकणात फिरायचं होतं. सामान बांधायची जाळी घेतली, स्वस्तातले हातमोजे घेतले. मग धीर करून मी विचारलं, "मागे बसणाऱ्याला धरायला हँडल मिळेल?" घाटातल्या वळणांची मला धास्ती होती.

"बाराशेला बसवून देतो," तो म्हणाला.

"कशाला उगाच? मला धरा की," ही म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत मी हिचा हातसुद्धा धरला नव्हता.

बाहेर हिने गाडी सुरू केली. मी मागे बसलो.

"धरलंत?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

"मग मला कसं कळलं नाही?" ही म्हणाली, आणि मी धरेपर्यंत गाडी जागची हलली नाही.