वरून ओतलेलं पाणी

उखा पाटलानं हुक्क्याची नळी हातात घेतली खरी, पण तोंडाला काही लावेना. तो सारंगखेड्याहून आपल्या मुलासाठी रूपचंदची थोरली पोर, तापी, बघायला आला होता. पोर बघून झाली, शेव-शिरा खाऊन झाला, आता एवढंच उरलं होतं. पाव्हण्यानं हुक्का ओढला की सोयरीक पक्की. नळी तशीच खाली ठेवली की समजून जायचं. ओट्यावर भाऊबंद दाटीनं बसले होते आणि रूपचंदचा जीव टांगणीला लागला होता.

नेमका तेव्हाच सुकलाल फाटकातून आत आला. काखेत फिडलची पेटी.

सुकलाल शहाद्याच्या बॅन्डात वाजवायचा. त्याच्या जातीच्या हातचं पाणी रूपचंदच्या गावात, ब्राह्मणपुरीत, कुणी घेत नसे. पण गेली आठ वर्षं दर बाजाराच्या दिवशी तो आणि रूपचंद केळीच्या मळ्यातल्या झोपडीत बसत, एकाच चिलमीचे दम मारत, आणि सुकलाल त्याला फिडल शिकवी. रूपचंदचा नाद भाऊबंदांना ठाऊक होता, चिलमीचं ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्याच दिवशी हुक्का-पाणी बंद, जातीतून वाळीत. मग कुठली सोयरीक अन् कुठलं काय.

“मळामा कोन्ही नव्हतं, म्हनीसन आठे ऊनू,” सुकलाल पायरीखालीच थांबून म्हणाला. “तार बदली दिधी शे.”

“हाऊ कोन शे?” उखा पाटलानं विचारलं.

“वाजाडनारा शे.” रूपचंद घाईघाईनं म्हणाला. “मन्हं फिडल नीट कराले देयेल व्हतं.”

“मंग वाजाड ना भो. आयकू दे.” पाटील शौकीन निघाला. नळी मांडीवर ठेवून तो सावरून बसला.

सुकलाल खाली मातीत बसला. गजाला राळ घासली, तारा जुळवल्या, फिडल छातीशी टेकवलं. आणि सवयीनं घात केला. दम मारल्याशिवाय त्याचा पहिला सूर कधी निघतच नसे. गज मांडीवर ठेवून, डोळे मिटलेलेच, त्यानं उजवा हात रूपचंदकडे लांबवला. बोटं चिलीम धरायला वळलेली होती.

हात तसाच हवेत राहिला. ओट्यावरच्या सगळ्यांनी तो पाहिला.

“काय मांगी ऱ्हायना हाऊ?” एका भाऊबंदानं विचारलं.

“पानी,” रूपचंद म्हणाला. “तीस लागनी व्हई त्याले.” आणि दाराकडे मान वळवून बायकोला म्हणाला, “जसोदा, पानी दे त्याले. वरतून घाल.”

सुकलालनं डोळे उघडले. रूपचंदकडे एकदाच बघितलं. मग फिडल खाली ठेवून दोन्ही हातांची ओंजळ केली. जसोदाबाईनं अंग चोरून वरून धार सोडली. त्याला तहान नव्हती हे रूपचंदला पक्कं माहीत होतं. तरी बापडा तांब्या रिकामा होईपर्यंत पीत राहिला. रूपचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सुकलालनं हात धोतराला पुसले आणि असं वाजवलं, की ओट्यावर कुणी खाकरलंसुद्धा नाही. उखा पाटलाची मान डोलू लागली, डोलता डोलता नळी तोंडाला गेली आणि हुक्का गुडगुडला. सोयरीक जमली. रूपचंदला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

भाऊबंद पाव्हण्यांना पोचवायला वेशीपर्यंत गेले. अंगणात दोघंच उरल्यावर रूपचंद हुक्का उचलून पायऱ्या उतरला. सुकलाल निघायच्या बेतात होता. रूपचंदनं नळी त्याच्यापुढे धरली.

“ले,” तो म्हणाला. “चुकनू मी.”

सुकलालनं नळीला हात लावला नाही. रागावलेलाही दिसला नाही.

“पोरनं लगीन व्हई जाऊ दे, रूपा,” तो हळूच म्हणाला. “मंग पिऊत.”

इतक्यात घरातून तापीच्या पाठच्या, अजून उजवायच्या तिघी बहिणी धावत आल्या आणि पाव्हण्यांच्या ताटलीत उरलेल्या शेवेवर तुटून पडल्या.