भिंतीतली भेग

"नीट बघा," सिस्टर म्हणाली. "आत काहीतरी असणारच."

प्लंबर न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. टाइल्सच्या सांध्यात पाडलेल्या बोटभर भोकातून त्याने लवचीक तार आत सारली होती. तारेच्या टोकाला मसुराएवढा कॅमेरा आणि हातात मोबाइलएवढा पडदा. गाडीच्या इंजिनात डोकावायलाही आपण हाच वापरतो, दिसेल ते यात साठवूनही ठेवता येतं, असं त्याने आल्या आल्या ऐकवलं होतं.

"विटा दिसतायत," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

सिस्टरच्या कपाळावरची शीर ताठ झाली. इस्पितळातली पाळी संपवून ती तशीच, गणवेशातच वर आली होती. तिला सगळी इमारत सिस्टरच म्हणायची. खाली तिच्या लेकीच्या खोलीत दीड वर्षापासून ओल उतरत होती. कोपरा काळा पडला होता, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या बरगड्या खोकून खोकून दुखत होत्या. दर वेळी तक्रार घेऊन वर यावं, तर वरच्या काकूंचं एकच पालुपद: "आमच्याकडून नाही हो येत."

आत्ताही काकू दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या मागे काका होते, भिंतीला तळवा टेकून. काकांना दहा वर्षांपासून दिसत नव्हतं.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "काही निघालं का?"

"तुम्ही मध्ये बोलू नका." सिस्टर प्लंबरकडे वळली. "माझी मुलगी दीड वर्ष खोकतेय. हात हलवत परत जायला बोलावलं नाही मी तुम्हाला. काय ते शोधा."

प्लंबरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तार आणखी वीतभर आत ढकलली, दोन-तीन बटणं दाबली आणि पडदा तिच्यासमोर धरला.

गंजून तपकिरी झालेला पाइप. त्यावर करंगळीएवढी भेग. भेगेतून पाण्याचा थेंब फुगत होता, लोंबत होता, गळून पडत होता.

सिस्टरने पडद्याला हात घातला. प्लंबरने तो सोडला नाही. "नाजूक वस्तू आहे," तो म्हणाला.

"आता बोला," ती काकूंना म्हणाली. "दीड वर्ष तोंडावर खोटं बोललात माझ्या."

काकूंनी चष्मा सारखा करून पडद्यात पाहिलं. एक थेंब पडला, दुसरा पडला. त्यांचा चेहरा उतरला.

"मला खरंच माहीत नव्हतं."

"झोपलेल्याला जागं करता येतं, काकू. झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही."

"भिंत फोडावी लागेल," प्लंबर म्हणाला. "उद्याच सुरू करतो."

"फोडायचीच झाली तर आमचा जुना गवंडी फोडेल," काकू म्हणाल्या. "पण यांचं काय करू? हे भिंतीच्या आधाराने चालतात. इथली वीट न् वीट यांच्या हाताला ठाऊक आहे. पंधरा दिवस थांबा. आमच्या मुलीला रजा मिळाली की ती इथे येऊन यांना सांभाळेल."

"एक दिवससुद्धा नाही."

"सिस्टर, ही भिंत ओली असती तर माझ्या हाताला कळलं असतं," काका शांतपणे म्हणाले. "कोरडी आहे ती."

"ज्याला दिसत नाही त्याने दिसणाऱ्यांना शिकवू नये, काका."

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांचा तिलाच चटका बसला. पण माफी मागायला जीभ वळली नाही. ती तरातरा जिना उतरून गेली.

दोन दिवसांत तिने घराघरांत जाऊन सगळ्यांना आपल्या बाजूला वळवलं. पाइप, भेग, थेंब, सगळं साग्रसंगीत सांगितलं. जिन्यात काकू दिसल्या की लोक दुसरीकडे बघू लागले. "थोडं सबुरीने घे," नवरा म्हणाला. "पोरीला खोकताना ऐकत बसायची सबुरी तुझ्याकडे असेल," ती म्हणाली.

शेवटी काकूंनी हात टेकले. गवंड्याला सांगावा धाडला आणि काकांना मुलीच्या घरी नेलं.

तिथे तिसऱ्याच दिवशी काकांची पायरी चुकली. परक्या घरात हात लावलेली भिंत मध्येच संपली आणि ते जिन्यावरून खाली गेले. खुब्याचं हाड मोडलं. आणलं ते सिस्टरच्याच वॉर्डात.

सिस्टरने त्यांना सलाइन लावलं, उशी सारखी केली. काकांचा हात खाटेच्या पलीकडे हवेत काहीतरी चाचपडत राहिला. कोपऱ्यात काकू बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सिस्टरने तो हात धरून चादरीवर ठेवला. मनात आला तो राग आहे, असंच तिने ठरवलं. या बाईने वेळीच भिंत उघडली असती तर हा म्हातारा आज इथे नसता. माझी पोर खोकली नसती. सगळं हिच्या हट्टापायी.

पाळी संपल्यावर ती थेट वरच्या मजल्यावर गेली. तो पाइप तिला हातात घ्यायचा होता. उद्या तो काकूंच्या पुढ्यात ठेवायचा होता.

काकूंचं न्हाणीघर ओळखू येत नव्हतं. टाइल्सचा खच पडला होता. भिंत फरशीपासून छतापर्यंत सोललेली होती. म्हातारा गवंडी उलट्या घातलेल्या बादलीवर बसून अंगावरची धूळ झटकत होता.

"पाइप कुठे ठेवलात?" तिने विचारलं. "मला हवाय तो. भेगेसकट."

"कुठला पाइप?"

"या भिंतीतला."

"या भिंतीत पाइप नाही, सिस्टर." गवंड्याने छिन्नी खाली ठेवली. "इमारत उभी राहिली तेव्हा मी इथेच कामाला होतो. नळ सगळे समोरच्या भिंतीतून नेलेत, आणि तेही मी कालच तपासले. ठणठणीत आहेत. ही भिंत नुसती विटांची. हात लावून बघा, कोरडी आहे."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय तो. कॅमेऱ्यात. भेगेतून थेंब पडताना पाहिलाय."

"पाहिला असेल की," गवंडी म्हणाला. "पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला."