साधा प्रश्न

"आबा, ही तुमची कोण?" जीपच्या मागच्या दांड्याला धरून कौतिकने विचारलं.

माणसाने मान वळवली. पन्नाशीचा, धुतलेली टोपी, सदऱ्याला इस्त्री. त्याच्या मुठीत मुलीचं मनगट होतं. मुलगी सतरा-अठराची असेल. पायाशी हॉस्टेलात असते तसली पत्र्याची पेटी. ती पाय रोवून, मान खाली घालून उभी होती. साक्रीच्या स्टँडबाहेर दिवेलागण झाली होती. खेड्यांकडे जाणारी ही शेवटची काळी-पिवळी, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"भाची शे मनी," माणूस म्हणाला.

कौतिकला एवढंच हवं होतं. धुळ्याच्या कॉलेजातलं शिबिर दुपारीच संपलं होतं आणि शिकलेलं सगळं त्याच्या पोटात मावत नव्हतं. कुणी एखाद्या मुलीवर जबरदस्ती करत असेल तर बघणाऱ्यांनी काय करायचं, हे शिबिरातल्या बाईंनी नाटुकली बसवून शिकवलं होतं. मारामारी करू नका. साधा प्रश्न विचारा, चार माणसं गोळा करा. खोट्या माणसाला साधा प्रश्न झेपत नाही. नाटुकलीत गुंड झालेल्या जीवरामची कौतिकने पार बोबडी वळवली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या.

"भाची का? मग तुमच्या बहिणीचं नाव सांगा," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊनच उठून आली. जीपमधल्यांनी माना बाहेर काढल्या. माणसाने जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवली. आता हा पळणार, असं वाटून कौतिकची छाती फुगली. मुलीने डोळे वर केले आणि कौतिककडे पाहिलं.

"झुंबर," माणूस शांतपणे म्हणाला. "मनी धाकली बहीण."

जीपमधून एका म्हातारीने फटकारलं, "काय रे भाऊ, हाऊ निंबाभाऊ शे, हिना सख्खा मामा! हिना बाप मरना तवपाईन मायलेकीस्ले यानाच आधार. बठ्ठं गाव जाणस."

हशा पिकला. "मोठा इन्स्पेक्टर आला," टपरीवरचा एक जण म्हणाला. कौतिकचं तोंड एवढंसं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

निंबाभाऊ मात्र रागावला नाही. उलट त्याने कौतिकच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं करं भाऊ तू. पोरीस्वर ध्यान ठेवालेच जोयजे." मग त्याने जमलेल्यांना सांगितलं, हॉस्टेलात पोरीच्या जेवणाचे हाल होतात, अंगाला काही लागत नाही. तेव्हा आता शिक्षण पुरे. तिला कायमची घरी नेतोय, डोळ्यांसमोर राहील. माणसांनी माना डोलावल्या. असा मामा नशिबाने मिळतो, असं कुणीतरी म्हणालं. कौतिकनेही मान डोलावली.

झाल्या चुकीची भरपाई म्हणून त्याने पेटी उचलली आणि स्वतःच्या हाताने जीपमध्ये सरकवली. निंबाभाऊने मुलीचं मनगट सोडलं. आता धरायची गरज नव्हती, इतकी माणसं बघत होती. ती चढली आणि मागच्या कडेला बसली. निंबाभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

कौतिकला राहवेना. भल्या माणसाला आपण चारचौघांत चोर ठरवलं, आणि तेही त्याच्या भाचीसमोर. तो दांड्याजवळ गेला.

"राग मानू नको, ताई," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी परकाच तुला ओढून नेतोय."

ड्रायव्हरने गिअर टाकला. मुलीने एकदा पुढच्या सीटकडे पाहिलं आणि ती कौतिककडे वाकली.

"परका असता तर मी केव्हाच ओरडले असते, भाऊ."