लेकीचा हात

कराडच्या मंडईबाहेर मोटारसायकल "चोर! चोर!" असं ओरडू लागली, तेव्हा रावसाहेब जगदाळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी त्यांचीच होती; सकाळी लेकीला मागे बसवून त्यांनीच ती आणली होती. पण आता गाड्यांना किल्ल्या उरल्या नव्हत्या. हँडल धरायची, क्लच सोडायची मालकाची लकब त्या ओळखायच्या आणि परका हात लागला की चाकं जाम करायच्या. कंपवाताने रावसाहेबांचे हात दिवसेंदिवस जास्तच थरथरत होते. सकाळी गाडीने त्यांना कसंबसं ओळखलं होतं; आता मात्र तिला ते ओळखूच आले नाहीत.

माणसं जमली. "आजोबा, या वयात चोरी?" एकजण म्हणाला.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन वत्सला आली. "वडील आहेत माझे. सरका बाजूला!" म्हणत ती गाडीवर बसली.

"नको बाई," रावसाहेब पुटपुटले. "माझ्याशिवाय कुणालाच दाद देत नाही ती. दोनदा चोरांनी हात टेकले."

वत्सलाने हँडल धरलं, क्लच अलगद सोडला. ओरडणं थांबलं आणि गाडी सुरू झाली.

"लॉक बिघडलेलं दिसतंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"बिघडलेलं नाही!" रावसाहेबांचा आवाज चढला. "हिला गाडी मी शिकवलीय. माझ्या हातावर हात ठेवून शिकलीय ती."

ते ताठ मानेने मागे बसले.

"आबा, मागच्या गल्लीतून जाऊ या?" वत्सलाने हळूच विचारलं.

"छे! भर पेठेतून घे," रावसाहेब म्हणाले. "आणि सावकाश चालव."