चोविसावी खाच

पक्षाघाताने बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांच्या कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या किशोरीने मोटरला बांधल्या. मोटरवर खाचा पाडलेली चकती होती. खाचेतून सेन्सरवर प्रकाश पडला की लॅपटॉपच्या पडद्यावरचा आकडा एकाने पुढे किंवा मागे जाई, आणि बाहुलीचा हात किती वर गेला ते कळे. उद्या पिंगुळीच्या देवळात खेळ होता.

चाचणीला तिने रावण अडकवला.

"पयलो गणपती नाचव गो," बाबा म्हणाले.

"ह्यो खेळ खंय आसा, बाबा? नुसती मोटर बघतंय."

रावणाचा हात हललाच नाही. किशोरीने मोटरची वायर काढली, आणि तेव्हाच आकडा चढू लागला. चोवीसवर तो थबकला, सावकाश शून्यावर आला, पुन्हा चढला. चकती मात्र जागची हलली नव्हती. तिने चकतीच काढून हातात घेतली. आकडा चढतच होता.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

"चोविसार थांबता मां?"

"तुमका कसा कळला?"

"खेळाच्या सुरवातीक तुझो आजो गणपतीचे हात असेच जोडी. सावकाश."

प्रकाश अडवायला किशोरीने सेन्सरच्या रिकाम्या फटीत बोट घातलं. बोटाच्या टोकावरून एकेक खाच सरकत गेली. न दिसणारी, गार. चोविसावी आली आणि थांबली.

तिने मान वर केली. बाबांचे दोन्ही हात जोडलेले होते, उजवासुद्धा.